चाळीस पटीचं भिंग आणि परत आलेले मेल

माजी विद्यार्थ्यांना मेलने पाठवलं जाणारं शाळापत्र सकाळी गेलं आणि पाठोपाठ परतीचे निरोप यायला लागले. यादी जुनी असली की काही मेल परत येणारच. नवल वाटलं ते परत आलेले मेल बॅचप्रमाणे लावून पाहिल्यावर. फार पूर्वी शाळा सोडलेल्यांचे पत्ते बऱ्यापैकी चालू होते. बंद निघाले ते नुकत्याच बाहेर पडलेल्यांचे. त्यांच्या नावापुढे शाळेनेच दिलेला मेल पत्ता होता, आणि मुलं शाळा सोडून गेली की ती खाती काही महिन्यांत बंद केली जातात. म्हणजे ज्यांचे शिक्षक अजून त्याच वर्गांवर शिकवताहेत, त्यांच्याशीच शाळेचा संपर्क सगळ्यांत आधी तुटत होता.

परतीचा निरोप नीट वाचावा, त्यात एक क्रमांक असतो. तो 5 ने सुरू होत असेल तर सहसा अडचण कायमची, 550 5.1.1 दिसलं की असा पत्ताच अस्तित्वात नाही. 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, यंत्रणा आपणहून पुन्हा प्रयत्न करते. बंद पत्त्यांवर पुन्हा पुन्हा मेल गेले तर शाळेच्या डोमेनची, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत घसरते आणि चालू पत्त्यांवरचे मेलही स्पॅममध्ये जाऊन पडतात, म्हणून ते पाठवणं लगेच थांबवायचं. यादीतली ओळ मात्र खोडायची नाही. ‘मेल बंद’ अशी नोंद आणि तारीख टाकायची, कारण नाव, बॅच, तुकडी एवढं शिल्लक असलं की वर्गमित्रांकडून माणूस शोधता येतो. आडनाव बदललेलं असलं तर शाळेत असतानाचं नाव वेगळ्या रकान्यात हवंच, नाहीतर मैत्रिणींनाही ती ओळखू येत नाही.

फोन नंबरांचा रकाना त्याहून वाईट होता. देशाचा संकेतांक जोडून नंबर 12 आकडी झाला की एक्सेल तो 9.19877E+11 असा दाखवतं. एवढ्यावर काही बिघडत नाही, आत नंबर शाबूत असतो. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) म्हणून जतन केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं आणि उरलेले आकडे कायमचे जातात. नंबर भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवणं, एवढाच यावर उपाय. गेलेले आकडे परत मिळवायचे तर मूळ कागदी अर्ज काढावे लागतात.

दुपारनंतर उत्तरं यायला लागली आणि खरी गोष्ट तिथे कळली. शाळापत्रात मुख्याध्यापकांचं मनोगत होतं, स्पर्धांचे निकाल होते, नव्या इमारतीचं छायाचित्र होतं. त्यांवर कुणी काही लिहिलं नाही. शेवटच्या पानावर विज्ञानाच्या एका वर्गाचा प्रश्न छापला होता: सूक्ष्मदर्शकात 10 पटीच्या भिंगातून कांद्याची साल स्वच्छ दिसते, 40 पटीच्या भिंगातून मात्र धुकं पसरल्यासारखं दिसतं, आणि हे एकाच सूक्ष्मदर्शकात होतं; असं का? सोबत दोन्ही भिंगांतून मोबाइलवर टिपलेली छायाचित्रं होती.

वेगवेगळ्या बॅचच्या माजी विद्यार्थ्यांनी यावर लिहिलं. त्यांत रोगनिदान प्रयोगशाळेत काम करणारे होते, डॉक्टर होते, भिंगांची दुरुस्ती करणारेही होते. बहुतेकांनी एकच जागा तपासायला सांगितली. 100 पटीचं भिंग तेलात बुडवून वापरायचं असतं, 40 पटीचं कोरडं. तेलाचा थेंब काचपट्टीवर असतानाच मुलं भिंगं बसवलेली फिरती चकती मागे वळवतात, 40 पटीचं भिंग काचेच्या अगदी जवळून जातं आणि त्याला तेल लागतं. ते तसंच राहिलं की धूसर दिसतं. भिंग पुसायच्या खास कागदाला शिफारस केलेला द्राव किंचित लावून हलक्या हाताने पुसा, रुमाल वापरू नका, नाहीतर चरे पडतील, असंही त्यांनी बजावलं. वर्गाने तसं केलं, भिंग स्वच्छ झालं, आणि आधीचं व नंतरचं छायाचित्र आम्ही पुढच्या अंकात पहिल्या पानावर घेतलं.

हा दुसरा अंक माझ्या मते पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आपण सांगितलेल्याचं पुढे काय झालं हे ज्याला कळतं, तो पुढचं शाळापत्र उघडतो. आता प्रत्येक अंकात एका वर्गाचा एकच प्रश्न असतो. तो मुलांच्या चालू अभ्यासातला आणि दोन-चार ओळींत उत्तर देता येईल असाच घेतो. ‘करिअरविषयी मार्गदर्शन करा’ असल्या मोघम आवाहनाला कुणी फारसं हात घालत नाही. देणगीचं आवाहनही त्याच अंकात नको. ते दिसलं की प्रश्नसुद्धा पैशांची प्रस्तावना वाटू लागतो. उत्तरं शाळेच्या पत्त्यावर येतात आणि शिक्षकांमार्फत वर्गात पोचतात. मोठ्या माणसाचा आणि अल्पवयीन मुलाचा थेट संपर्क जुळवून द्यायचा नाही, यात सवलत नाही. छायाचित्राखाली फक्त इयत्ता असते, आणि चेहरा दिसत असेल तर पालकांची लेखी संमती आधी घेतलेली असते.

पाठवण्याच्याही मर्यादा आहेत. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 जणांपलीकडे मेल जात नाहीत, म्हणून बॅचवार तुकड्या पाडाव्यात. व्हॉट्सॲपच्या एका गटात 1024 जण मावतात खरे, पण एवढ्यांच्या गटात शुभेच्छांखाली शाळेचा निरोप गाडला जातो. बॅचमागे एक समन्वयक आणि फक्त सूचनांसाठीचा गट, हे जास्त टिकतं.

शेवटच्या वर्षाच्या वर्गाची नोंदणी आता वर्गातच होते. मुलाचा स्वतःचा मेल, स्वतःचा नंबर आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर, कारण मुलांचे नंबर लवकर बदलतात. पत्र हवं की नको याची खूण मुलं स्वतः करतात आणि पालकांची सही घेतो. तिथेच प्रत्येकाला चाचणीचा मेल जातो आणि समोरच उत्तर द्यायला सांगतो; पत्त्यातलं एखादं मागेपुढे झालेलं अक्षर लगेच सापडतं. याला पूर्ण तास लागतो. तो शेवटच्या परीक्षेआधीच वर्गशिक्षकांकडून मागून घ्यावा, परीक्षा संपल्यावर सगळा वर्ग पुन्हा एका जागी सापडत नाही.