आमची वाटचाल: उद्यमनगरच्या लेथपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपर्यंत

आमचं मूळ दुकान लेथचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडलांनी ऑइल इंजिनचे बुश, शाफ्ट, पुली हीच कामं आयुष्यभर केली आणि मी शाळा सुटली की दप्तर टाकून तिथंच. ऑटोमॅटिक गाड्यांकडं वळलो ते एका गिऱ्हाइकाच्या टॉर्क कन्व्हर्टरमुळं, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा मधला गोल डबा. नवा मागवायचा तर लई दिवस आणि लई पैसे, तेव्हा वडील म्हणाले कापून बघूया की. लेथला धरला, वेल्डिंगची कड उतरवली, दोन भाग वेगळे केले तर आतल्या लॉकअप क्लचचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला थेट बांधणाऱ्या क्लचचं) लायनिंग जळून काळं ठिक्कर. नवं लायनिंग बसवलं, परत वेल्ड मारलं, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते, बघितला आणि गाडी पळाली. मला त्या कामाचा जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

पण खरं शिक्षण झालं ते गडहिंग्लजच्या एका रिटायर सरांच्या गाडीवर. जुनी चार स्पीडची सेदान, तक्रार एकच, ओव्हरड्राइव्ह पडत नाही. म्हणजे शेवटचा गिअर, ज्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो आणि इंजिनला जरा दम मिळतो, तोच गायब. हायवेला ऐंशीच्या स्पीडला इंजिन नुसतं ओरडतंय आणि पेट्रोल पाण्यासारखं जातंय. आम्ही उत्साहात गिअरबॉक्स उतरवला. क्लचच्या प्लेटा चांगल्या, ऑइलच्या वाटा बदलणारी वॉल्व्ह बॉडी स्वच्छ, तिच्यावरचे विजेवर चालणारे वॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड मीटरवर 12-13 ओहम दाखवतायत, बऱ्याच जपानी गाड्यांत ते 11 ते 15 च असतं, म्हणजे तेही बरोबर. सगळं जोडलं, ट्रायल घेतली, तक्रार जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सुरू केली, वडील सहज बॉनेटपाशी उभे होते, त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला आणि म्हणाले, "आरं, इंजिन अजून गार हाय आणि हे पाणी आत्ताच कसं फिरायलंय? थर्मोस्टॅट हाय का ह्यात?" थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारा वॉल्व्ह. खोलून बघितलं तर नव्हताच! गाडी गरम होते म्हणून कधीतरी कुणीतरी काढून टाकलेला.

आता ह्याचा गिअरशी काय संबंध, तर इंजिनचं पाणी ठरलेल्या टेंपरेचरला आल्याशिवाय गाडीचा कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप देतच नाही, आणि थर्मोस्टॅट नसला की हायवेच्या वाऱ्यात पाणी तापायचं नावच घेत नाही. एक थर्मोस्टॅट बसवला, गाडी सुरळीत. सरांकडून त्याच्याएवढेच पैसे घेतले, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी मागायला तोंड नव्हतं आणि तो हक्कही नव्हता.

त्या दिवसापासून आमच्यात नियम आहे, गिअरबॉक्सला स्पॅनर लावायच्या आधी बाहेरचं सगळं बघून घ्यायचं. लिव्हरवरचं ओडीचं, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद करायचं, बटण चुकून दाबलं गेलंय का (ह्यासाठी लोक थेट बेळगावहून आलेत, आणि मी त्यांच्याकडून रुपया घेतलेला नाही). ब्रेक लाइटचा स्विच अडकलाय का, कारण कॉम्प्युटरला वाटतं पाय ब्रेकवरच आहे आणि लॉकअप येत नाही, मागं दिवे पेटलेले दिसतात पण ड्रायव्हरला ते कळणार कसं. आणि ऑइल, ते कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच आहे ना, कारण चुकीच्या ऑइलनं लॉकअप क्लच धरताना थरथरतो.

ह्या थरथरीवर जरा बोलतोच. कन्व्हर्टरमध्ये एक चक्र ऑइल फेकतं आणि दुसरं, म्हणजे टर्बाइन, त्या ऑइलच्या जोरावर फिरतं, म्हणून दोघांत थोडी घसर राहतेच, ती घालवायला लॉकअप क्लच दोघांना घट्ट बांधतो. आम्ही किणी टोलनाक्याच्या दिशेनं ट्रायलला जातो, सत्तर-ऐंशीला हलका ॲक्सिलरेटर स्थिर ठेवायचा आणि ब्रेकला दिवा लागण्यापुरताच पाय टेकवायचा. आरपीएम दोन-चारशेनं वर गेलं आणि पाय काढल्यावर परत खाली आलं तर लॉकअप काम करतोय. रंबलरवरून गेल्यासारखी थरथर ब्रेकला पाय टेकताच थांबली तरी लगेच कन्व्हर्टरला दोष देऊ नका, कारण प्लग किंवा कॉइल मिस मारत असेल तरी लॉकअप बांधलेला असताना तो झटका जसाच्या तसा सीटपर्यंत येतो. स्कॅनरवर इंजिन आणि टर्बाइनचं आरपीएम शेजारी लावून बघायचं. थरथरताना दोघांतलं अंतर खालीवर होत असेल तर क्लच घसरतोय, अंतर हलत नसेल तर आधी प्लग-कॉइल बघा. स्कॅनरवर नुसता पी 0741 (लॉकअप नीट काम करत नाही असं सांगणारा) कोड आला म्हणून कन्व्हर्टर बदलायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

2014 ला सेलेरिओ एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर आपोआप टाकणारी) आली आणि घरोघरी ऑटोमॅटिक झाली, आमच्याकडं फोन वाढले. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, आत साधा क्लच असतो, हे समजावण्यात अजूनही रोज अर्धा तास जातो, पण समजावतो.

मग 2019 च्या ऑगस्टचा महापूर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्कात गाड्या बुडालेल्या. ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) गिअरबॉक्सात पाणी शिरलं की लाल ऑइल गुलाबी दुधासारखं होतं, प्लेटांचं कागदी लायनिंग फुगतं आणि डिंक सुटतो. पॅन रिकामा केला तरी बरंचसं ऑइल कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं, त्यामुळं ऑइल एकदा बदलून भागत नाही. ज्यांनी पाणी ओसरल्यावर चावी न लावता गाडी ओढून आणली त्यांच्यातल्या काही गाड्या आम्ही कमी खर्चात वाचवल्या, ज्यांनी सुरू करून बघितली त्यांचं सगळं उघडावं लागलं. माणसं आधीच घर धुऊन थकलेली, त्यात हे सांगायचं म्हणजे जीव तुटायचा. 2021 ला परत तेच, पण तोवर बऱ्याच जणांनी आधी फोन केला.

आज वडील लेथवर बसत नाहीत, दुकानात मात्र रोज येतात. आमच्याकडं गाडी आणायची असेल तर शक्यतो संध्याकाळी आणून लावा, रात्रभर गार होऊ दे. सकाळचा पहिला स्टार्ट आम्हालाच मारायचा असतो, आणि तेव्हा होजवर पहिला हात अजून त्यांचाच असतो.