तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खा खुबा बदलायलाच हवा का?

"डॉक्टर, छोट्या ऑपरेशनवर भागणार नाही का?" निफाड-दिंडोरीकडचे पेशंट हे विचारतात, आणि मागोमाग नातेवाईक: "द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला उभे राहतील ना?" एकदा सविस्तर लिहितो.

छोटं ऑपरेशन आहे, पण त्याची वेळ असते. रक्तपुरवठा तुटलेला मांडीच्या हाडाचा गोळा अजून गोल असेल, तर ड्रिलने भोक पाडून आतला दाब कमी करतात. हा गोळा ज्यात फिरतो ती वाटी जन्मतः उथळ असेल आणि कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, शाबूत असेल, तर तरुणपणी हाड कापून वाटी फिरवता येते. गोळा चपटा झाला, एक्सरेत सांध्यातली फट बुजली, की यातलं काहीच चालत नाही. दुर्बिणीनेही नाही. हे ऐकून लोकांना वाटतं, डॉक्टरला ऑपरेशनच करायचंय. मनाला लागतं ते.

खुबा बदलताना खरी परीक्षा एकाच टप्प्यावर असते. नवी वाटी साधारण ४० अंशांत तिरकी, किंचित पुढे झुकलेली बसते. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकला जातो, गोळा त्याच्यावर बसतो. पक्क्या गोळ्याआधी तात्पुरता गोळा लावून सांधा बसवायचा. गुडघा पोटाकडे ९० अंश वाकवायचा, मग पाय आत वळवायचा. गोळा मागून उचकटू लागला, तर जास्त लांब मानेचा, म्हणजे दांड्यापासून जास्त दूर बसणारा, घ्यायचा. पण मान वाढली की पायही लांबतो. ५ मिलिमीटर सहसा कळत नाहीत. दीड सेंटिमीटर झाला तर माणूस चालताना प्रत्येक पावलाला तो फरक सोसतो. वर्षानुवर्षं आखडलेल्या स्नायूंत पक्केपणा आणि लांबी, दोन्ही साधायचं असतं. पाटावर बसून पुढे वाकताना किंवा देशी संडासात बसताना पाय नेमका याच अवघड स्थितीत जातो. म्हणून पहिले ६ ते १२ आठवडे कमोड, उंच खुर्ची, झोपताना दोन पायांत उशी.

"साठीपर्यंत सोसा," असं पूर्वी मीही सांगायचो. वाटीतल्या तेव्हाच्या प्लास्टिकच्या झिजलेल्या कणांमुळे भोवतालचं हाड विरायचं. आताचं सुधारित प्लास्टिक, क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन, फार कमी झिजतं, त्यामुळे तो सल्ला तितका खरा राहिला नाही. तरी पस्तिशीतल्या माणसाला "हा जन्मभर पुरेल" असं मी म्हणणार नाही. दुसऱ्यांदा बदलताना हाड कमी उरलेलं असतं. आणि थांबलात तर मांडी वाळते, कंबर धरते. दोन्हीकडून ओढाताण आहे, ती मलाही सुटलेली नाही.

येण्याआधी किडलेले दात, लघवीचं इन्फेक्शन निस्तरा, साखर आटोक्यात आणा. नव्या सांध्यात जंतू गेले तर तो काढावाही लागतो. एप्रिल छाटणी उरकून मे महिन्यात केलंत आणि सगळं सुरळीत गेलं, तर ऑक्टोबरला उभ्याने कात्री चालवता येईल. उकिडवं बसून खुरपणं मात्र दुसऱ्या कुणाकडे सोपवा.