तुम्ही विचारलंत म्हणून: मोटिव्हेशन कुठून आणतेस?

लेडीज डब्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि गेल्या गणपतीत एकीने आरती चालू असताना, झांजा वाजवता वाजवता विचारलं. "किती कमी केलंस गं? आणि एवढं मोटिव्हेशन टिकवतेस कसं?" मी हसते, "चालतंय आपलं" म्हणते आणि विषय बदलते. मग मागून ऐकू येतं, सांगत नाही बघ, गुपित ठेवते. म्हणून एकदाच सांगून टाकते.

डाएट दीक्षितांचं की दिवेकरांचं, हे विचारू नका. पंचावन्न मिनिटांत आटपायची दोन जेवणं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर २०१८च्या आसपास आपल्या घराघरांत जेवढे वाद झाले, तेवढे निवडणुकीवरून झाले नसतील. मी दोन्ही केलंय. दोन्हींनी उतरलं, दोन्ही सुटलं.

जानेवारी २०२३. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८.६, रक्तातल्या साखरेची एचबीएवनसी चाचणी ६.३, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. ऑफिसातल्या आम्ही बाराजणींनी ग्रुप काढला. दर सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं, आकड्याचा फोटो टाकायचा. मी तर रोज उभी राहायचे, उठल्या उठल्या, पाणीही न पिता, केसांचा चाप काढून. हसू नका, चापसुद्धा. वर एक्सेल शीट: तारीख, वजन, पावलं, पाणी. खाली गेलेला आकडा हिरवा, वर गेलेला लाल.

त्या लाल रंगाने माझे किती दिवस खाल्ले! होळीच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर. मी दिवसभर कोणाशी धड बोलले नाही. किलोभर चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तूप धरून पुरणपोळीचे तीनशे मोजले, तर रोजचं जेवण जेवून वर पंचवीस पोळ्या. मी अडीच खाल्ल्या होत्या. बाकीचं कटाच्या आमटीतलं मीठ आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून काय उपयोग, सेल लालच दिसत होता.

जूनमध्ये बाबांची केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी डोंबिवलीहून पहाटेची गाडी, मग टॅक्सी, मग रांग. केमोचा डोस उंची-वजनावरून ठरतो, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी वजन. डे केअरच्या पॅसेजमध्ये काटा होता, बाबा चपला काढून त्यावर चढायचे, एक हात भिंतीला. सिस्टर म्हणायच्या, "काका, हात सोडा, नाहीतर कमी दाखवेल." कमी दाखवेल! ते हात सोडायचे आणि आकडा तरी कमीच.

तिसऱ्या खेपेला ४९.४ आलं. आधीच्या वेळी ५२ होतं. सिस्टरनी फाईलमध्ये लिहिलं, "खायला द्या हो यांना," म्हणाल्या आणि आत गेल्या. बाबा बाकावर बसून चपलेत पाय सरकवत होते. सोमवार होता. आणि मी काट्यावर चढले.

६७.९. अडुसष्टच्या खाली पहिल्यांदा. मला आनंद झाला. हे वाक्य मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. आनंद झाला, पोटातून, आणि मी वाकून फोटो काढला. फोटोच्या कोपऱ्यात बाबांची चप्पल आली होती, ती मी कापून टाकली आणि फोटो ग्रुपवर पाठवला.

"तुझं किती?" बाबांनी विचारलं.

"सदुसष्ट नऊशे."

"वा. चला, एकीचं तरी ठरवल्यासारखं चाललंय."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी कधीच विसरून गेले असते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. फोनवर तोवर टाळ्यांची रांग लागली होती. "टिप्स दे ना!" टिप्स काय देणार? तीन आठवडे झोप नाही, जेवण म्हणजे कॅंटीनची एक इडली आणि चहा. त्यात चरबीबरोबर स्नायूही झडले असणार, पण काटा ते सांगत नाही. मी लिहिलं, "कन्सिस्टन्सी." खाली हसरा चेहरा.

नोव्हेंबरात बाबा गेले. तेराव्यानंतर काटा माळ्यावर टाकला, ग्रुप सोडला. तेव्हा माझं ६६.२ होतं.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण २०२३मधली मी फार हट्टी बाई होती, ती गप्प बसत नाही. ती म्हणते, काटा माळ्यावर टाकलास आणि वर्षभरात चार किलो परत आणलेस, शोक शोक म्हणत श्रीखंड खाल्लंस. खरं आहे. मी म्हणते, एचबीएवनसी बघ, तो मागच्या तीन महिन्यांचा हिशोब देतो, एका रात्रीच्या पापडाने हलत नाही. ती म्हणते, बघितला, ५.८चा ६ झालाय. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता माझा हिशोब असतो आमच्या टेलरकाकांच्या वहीत. दहा वर्षांची मापं आहेत तिथे, कापडाचा तुकडा टाचून: छाती, कंबर, मुंढा, बाही. टेप लावून काका काही बोलत नाहीत, फक्त "माया किती सोडू?" विचारतात. पूर्वी मी तोऱ्यात "अजिबात नको, मी अजून उतरणार आहे" म्हणायचे. हल्ली दोन इंच सोडायला सांगते. हा शहाणपणा की हार मानणं, मला कळत नाही, कृपया तुम्हीही सांगू नका.

तर मोटिव्हेशन. सहाला शेजारच्या वहिनी बेल वाजवतात, त्यांना एकटीने चालायला भीती वाटते, म्हणून मी उतरते. पाऊस असला की वहिनी येत नाहीत आणि मीही जात नाही. एवढंच आहे ते.

मागच्या महिन्यात काटा खाली काढला. सेल गेले होते. चारचं पाकीट आणलं, त्यातले दोन टीव्हीच्या रिमोटला गेले, एक भिंतीवरच्या घड्याळाला. काट्याला दोन लागतात.