पडद्याचे रॉड घरीच केले!

आज हॉलच्या खिडकीला रॉड बसला एकदाचा, ब्रॅकेटसकट घरी केलेला, लई भारी वाटतंय. खिडकी ९ फुटाची, तयार रॉड मिळतात ते मधे जोड असलेले, जाड पडदा अडकवला की जोडातनंच वाकतात, म्हणून उद्यमनगरातनं एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप अखंड कापून आणला. हा पाईप बाहेरनं साधारण ३३-३४ एमएम भरतो, रिंगवाला पडदा आरामात सरकतो.

खरी मजा ब्रॅकेटात. २५ बाय ३ एमएमची लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये (पकडून ठेवायच्या शिकंज्यात) धरायची, त्याच पाईपचा तुकडा आत ठेवून हातोड्यानं हळूहळू वळवायची, मग पाईप त्यात असा बसतो की हलत नाही. भिंतीपासनं ४ इंच पुढं घेतलंय, नाहीतर पडदा ग्रीलला घासतो. गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग, भिंतीत ८ एमएमचं ड्रिल, त्यात गिट्टी (स्क्रू पकडणारा प्लॅस्टिकचा प्लग), मग स्क्रू. मधे तिसरा ब्रॅकेट पाहिजेच, रिंगा त्याच्यापुढं सरकत नाहीत म्हणून पडदे दोन बाजूला दोन राहतात, पण रॉड झोल खात नाही.

आईनं पडदे ओढले, उघडले, परत ओढले. आता बेडरूमचं माप घेतलंय, पट्टी उरलीय, कुणाला करायचं असंल तर या घरी, व्हाइस आहेच.