भुऱ्याचं पोतं

दिंडोरीच्या मावशींनी डालग्यात घालून चार तलंगा पाठवल्या, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद झाला तो आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला. आपल्यासाठीच खाऊ आलाय, अशी त्याची समजूत. शेपटी हलवत त्यानं डालग्याच्या फटीत नाक घातलं आणि आतून ठणकन एक टोच बसली. तेवढंच. त्या दिवसापासून मखमलाबाद रोडवरच्या आमच्या घरात भुऱ्याचा नंबर चारही कोंबड्यांच्या खाली लागला.

नावं लेकीनं ठेवली. ठमी, शेवंती, काळी आणि चौथी मफलर. तिच्या मानेवर जन्मतःच पिसं नाहीत, आणि नाशिकच्या थंडीत ती उघडी मान बघून आपल्यालाच हुडहुडी भरते. चौघींचंही आपसात ठरलेलं असतं. दाणे टाकले की आधी ठमी, मग काळी, मफलर शेवटी. कुणी क्रम मोडला की डोक्यावर टोच. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या या उतरंडीवर 1922 साली अभ्यास छापला. लहानपणापासून ते कोंबड्यांच्या नोंदी ठेवत होते म्हणे. आमच्या आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “त्यात काय लिहायचं? चार जावांच्या घरात राहिला असता तर कळलं असतं.”

आबा माळकरी. अंड्याला हात लावणार नाहीत. पण पहाटे पाचला खुराड्याची कडी काढायला तेच जातात आणि “आज तीन, काळीनं दांडी मारली” हा हिशेबही तेच देतात. कोंबडा आम्ही पाळला नाही, शेजाऱ्यांच्या झोपेला भिऊन. “मग अंडी कशी देतात?” असं निम्मी कॉलनी विचारून गेली. देतात हो. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो.

फेब्रुवारीत द्राक्षं सुरू झाली. ओळखीच्या बागेतून घडातले गळालेले मणी पिशवीभर यायचे. कोंबड्या मणी चोचीत धरून अशा पळायच्या, की मागे पोलीस लागलेत. भुऱ्याला मात्र तेव्हा साखळी. कुत्र्याला द्राक्षं विषासारखी, मूत्रपिंडंच निकामी होऊ शकतात. नाशिकचा कुत्रा, आणि द्राक्षाला बंदी! साखळीला बसून तो प्रत्येक मणी नजरेनं खायचा.

त्याच सुमारास शेवंती खुडूक झाली. अंडी देणं बंद, पिसं फुगलेली, जवळ गेलं की घशातून कुर्रर्र. आणि बसायला तिनं जागा निवडली ती पडवीतलं भुऱ्याचं पोतं. खुराडं नको, टोपली नको. उचलून आत ठेवली की पाच मिनिटांत परत पोत्यावर. भुऱ्या दोनदा जाऊन उभा राहिला, एकदा भुंकलासुद्धा, मग मुकाट्यानं पलीकडच्या फरशीवर वेटोळं करून पडला. रात्री उठून बघते तर आबांनी आपली जुनी घोंगडी त्याच्या अंगाखाली सरकवलेली.

नवरा म्हणाला, पाण्यात बुडवून काढ, उतरेल खुडूकपणा. मला ते बरं वाटेना. मावशींकडून कोंबड्यातली नऊ अंडी मागवली आणि शेवंतीखाली सारली. तिनं मान वाकवून एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं. सातव्या रात्री आम्ही दार लावून अंडी बॅटरीवर धरली. सहा अंड्यांत लाल धाग्यांचं जाळं, मधोमध काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. बाकी तीन नुसती पिवळी. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आबांना बोलवू?” आबा आले, चष्मा सारखा करून बघितलं, आणि हळूच म्हणाले, “पांडुरंग.”

विसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू यायला लागली. एकविसाव्याला टवके उडाले. पिल्लाच्या चोचीच्या टोकाला बारीक टणक दाणा असतो, त्यानं ते आतून कवच फोडतं. एकाला तर पुरी सकाळ लागली. सहातली पाच निघाली. एक राहिलं, ते आबांनी कुणाला न सांगता जास्वंदीखाली पुरलं.

दोन दिवसांनी शेवंती पिल्लांना घेऊन अंगणात उतरली. पोतं मोकळं झालं. भुऱ्या लगेच आला, कवचाचे तुकडे, विष्ठा, पिसं सगळं बारकाईनं हुंगलं, आणि मागे फिरून थेट घोंगडीवर जाऊन पडला. पोतं आम्ही धुऊन वाळवलं, पुन्हा जागेवर घातलं. त्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

आबा बुधवारच्या बाजारात नवी घोंगडी बघून आले. भाव ऐकून हात हलवत परतले. सध्या चादरीवर चादर घेऊन झोपतात.