राजीनाम्याला अर्धं मिनिट

अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असा समितीचा निरोप आला. शाळा म्हटली की मला फक्त संस्कृतचे सर आठवतात. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये. सरांचं नाव लिहायची गरज नाही. कौलारू इमारतीत दहावी ‘अ’मध्ये जे बसले त्यांनी ओळखलंच असेल.

सरांची दोन दैवतं, एक पाणिनी आणि दुसरे देशाचे एकेकाळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. १४ जानेवारीला, म्हणजे चिंतामणरावांच्या वाढदिवशी, तिळगूळ वाटून झाला की सर खडू खाली ठेवत आणि चिंतामणराव सुरू करत. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्म, रोह्यात बालपण, १९१२च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. ती शिष्यवृत्ती आमच्यापैकी कुणाला मिळणार नाही, हे सरांना ठाऊक होतं. तरी पुढच्या बाकावरच्यांकडे ते दर वर्षी आशेनं बघत. केंब्रिज, मग १९१८ साली आयसीएसला पहिला नंबर. मेघदूताचा मराठी अनुवादही याच हातचा, हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

१९७८ साली, दहावीत असताना, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी मला निवडलं. विषय अर्थातच चिंतामणराव. मी जोरदार भाषण लिहून नेलं. सगळा भर १९५६वर: मुंबई केंद्रशासित करायचा घाट, अर्थमंत्री असूनही चिंतामणरावांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा दिलेला राजीनामा, सह्याद्रीचा कडा वगैरे वगैरे. १९५२ला ते आपल्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले होते, त्यामुळे टाळ्यांची खात्री होती.

सरांनी चार पानं वाचली, लाल पेन्सिलीनं तीन उभी कापली. मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. “पाच मिनिटं आहेत ना? राजीनाम्याला अर्धं मिनिट. तो गावातल्या पानवाल्यालाही पाठ आहे. १९१९ ते १९३९ हा माणूस काय करत होता ते सांग.”

मला कुठलं ठाऊक! मग सरांनी सांगितलं. वीस वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. आधी जिल्ह्याचा कारभार, जमाबंदी अधिकारी म्हणून शेतसाऱ्याची आकारणी, पुढे प्रांताचा महसूल आणि अर्थ विभाग. गावोगावची जमीन, तिचा कस, तिचा आकार, कुळं, तक्रारी आणि अहवाल. “असल्या कागदांत वीस वर्षं घातलीत, म्हणून १९४३ला रिझर्व्ह बँकेची गव्हर्नरकी एका भारतीयाकडे पहिल्यांदा आली आणि पुढच्या वर्षी ब्रेटन वूड्सच्या जागतिक चलन परिषदेला ते तयारीनिशी बसले. हे बोल.”

मी तेच बोललो. जमाबंदीवर तीन मिनिटं. सभागृहात पंखे तेवढे ऐकत होते. माझ्यानंतरच्या मुलानं ‘मुंबई कुणाच्या बापाची’ असं गर्जून ढाल नेली. परत येताना एसटीत सर खुशीत होते. “परीक्षक झोपले होते, पण तुझी सनावळी चुकली नाही,” म्हणाले.

पुढे मी भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजणारा भूकरमापक लागलो आणि तालुक्याचा उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालो. जुन्या शंकू साखळी नि प्लेन टेबलपासून उपग्रहावर चालणाऱ्या रोव्हरपर्यंत मोजणीचं सगळं हाताळलं. वक्तृत्वाचा ह्याच्याशी संबंध किती, देव जाणे. पण २ ऑक्टोबर १९८२ला चिंतामणराव हैदराबादला वारले, त्यानंतर आठवड्याभरात सरांचं पोस्टकार्ड आलं: “ते गेले. मोजणी नीट करीत जा.” बाकी कोरं.

आता शाळेत संस्कृत ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात, गाईड पाठ करतात. दहावी ‘अ’च्या जागी संगणक कक्ष आहे. चांगलंच आहे, पण एसीच्या गारव्यात तिथं कुणी शब्द चालवताना ऐकू येत नाही.

सरांची एक गोष्ट मात्र कुठल्याच गौरवग्रंथात येणार नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या जमिनीच्या हद्दीचा शेजाऱ्याशी वाद झाला आणि मोजणीचं प्रकरण नेमकं माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं मी साहेबांना म्हटलं, माणसंच नव्हती. सर रांगेत उभे राहून फी भरून गेले होते, तारीखही सगळ्यांसारखी तीन महिन्यांनंतरची. मी टिपण, फाळणी, गुणाकार बुक ही मोजणीची जुनी दप्तरं काढली, प्लेन टेबलचा फळा लावला, दिवसभर राबलो. सरांची विहीर सरळ शेजाऱ्याच्या गटात गेली. खुणा दाखवताना माझे हात कापत होते. सरांनी जबाबावर सही केली, मला चहा पाजला आणि विचारलं, “टिपण दोनदा पडताळलंस?” म्हटलं, “हो सर.”

आठ दिवसांनी त्यांनी निमतान्याचा, म्हणजे माझी मोजणी तपासायला फेरमोजणीचा, अर्ज टाकला! मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. निमतानदार आले, नव्यानं मोजलं, हद्द तीच निघाली. त्या संध्याकाळी सर सायकलवरून कचेरीत आले, दारातूनच म्हणाले, “जुळलं. पैकीच्या पैकी.” शाळेत त्यांनी मला साठाच्या वर कधी दिले नव्हते. विहीर शेजाऱ्याकडे गेली ती गेलीच, आणि सर पाण्यासाठी त्याच्याकडेच जाऊ लागले.