पाच ते एमएक्स: दिवाळी ग्रीटिंगमधली मराठी अखेर सुटली

फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन प्रोग्रामात केलेलं दिवाळी ग्रीटिंग मी त्याच्या एकेका आवृत्तीतून पुढे नेतेय, आणि मागच्या अपडेटमध्ये अडलेलं काम पुढे सरकलं! फ्लॅश ५ मध्ये स्वच्छ दिसणारा मराठी मजकूर पुढच्या आवृत्तीतून, म्हणजे एमएक्समधून, प्लेयर ६ साठी (प्लेयर म्हणजे फ्लॅशची फाइल चालवणारा प्रोग्राम) पब्लिश केला की कुठे चौकोन, कुठे अक्षरच गायब. बऱ्याच जणांनी फाँटवर संशय घेतला होता. फाँट निर्दोष आहे.

पहिला धागा शीर्षकानं दिला. ‘शुभ दीपावली’ हे स्टॅटिक टेक्स्ट, म्हणजे फाइलमध्येच पक्कं बसवलेलं, ते सहामध्येही जसंच्या तसं. बिघडत होतं ते फक्त बाहेरच्या टेक्स्ट फाइलमधून लोडव्हेरिएबल्स या कमांडनं येणारं: पाहुण्यांची नावं आणि चार ओळी. तो मजकूर दाखवणाऱ्या डायनॅमिक फील्डला फाँट तोच, अक्षरांच्या आउटलाइन एम्बेड केलेल्या. मग ती फाइल एचएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या एडिटरमध्ये उघडली आणि वाचलेली अक्षरं व मेलेली अक्षरं शेजारी मांडली. १२८ च्या खालच्या कोडवर बसलेली सगळी शाबूत, वरची सगळी गेलेली. तिथेच उलगडलं.

आपले जुने मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवतात, एका तुकड्याला एक बाइट. पाचपर्यंतचा प्लेयर ते बाइट मशीनच्या कोडपेजनुसार (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, त्या तक्त्यानुसार) वाचायचा, म्हणून जमायचं. २००२ साली एमएक्सबरोबर आलेल्या प्लेयर ६ नं युनिकोड स्वीकारलं आणि बाहेरून येणारी फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) धरून वाचायला सुरुवात केली. त्या हिशोबात १२८ वरचा सुटा बाइट बसतच नाही.

उपाय एका ओळीचा. पहिल्या फ्रेममध्ये, लोड व्हायच्या आधी, सिस्टिम.यूजकोडपेज ट्रू केलं. नावं आली, ‘र्‍हस्व’मधल्या अर्ध्या ‘र’सकट! विंडोज ९८ च्या त्या जुन्या मॉनिटरवर ती ओळ मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली.

हे लिहितानाच मात्र बेत बदलतेय. ही ओळ मशीनच्या कोडपेजवर विसंबते. दुसऱ्या भाषेवर लावलेल्या विंडोजवर ग्रीटिंग पुन्हा फुटेल. त्यापेक्षा टेक्स्ट फाइलच विंडोज-१२५२ (विंडोजचं रोमन कोडपेज) मधून यूटीएफ-८ मध्ये बदलावी. आता बदलून पाहिली, ओळ काढून टाकली, चाललं. तुम्ही करणार असाल तर एक तपासा: १२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी (हेक्समध्ये) या पाच जागा रिकाम्या आहेत. तुमच्या फाँटनं तिथे एखादं अर्धं अक्षर ठेवलं असेल तर कन्व्हर्टर अडेल किंवा ते गाळेल. माझ्या फाइलमध्ये यांतला एकही बाइट नाही.

बाकीचं थोडक्यात. नव्या स्विफचा, म्हणजे पब्लिश झालेल्या फ्लॅश फाइलचा, पहिला बाइट एफचा सी झाला, म्हणजे सहापासून आलेलं झेडलिब कॉम्प्रेशन लागू झालं. चौथ्या बाइटमध्ये ०६, म्हणजे आवृत्ती सहा. एमएक्स २००४ मध्ये नेऊन सातसाठी पब्लिश केल्यावर फटाक्यांच्या मोजणीत ‘एनएएन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) आलं. मूळ कोडमध्ये मोजणीला सुरुवातीची किंमतच दिलेली नाही. सहापर्यंत अनडिफाइन्ड म्हणजे शून्य, सातपासून नाही. आधी शून्य लिहिलं की झालं. सातपासून कोडमधल्या व्हेरिएबलांच्या नावांतली लहान-मोठी लिपीही वेगळी धरली जाते, तेवढं बघून घ्या.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या ज्या दुकानातून आयडीई ते सीएफ अडॅप्टर (जुन्या मशीनला हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड जोडणारा) आणला, त्याचे मालक अजून प्रत्येक केबल लावून, चालवून दाखवून देतात. ऑनलाइन मागवण्यापेक्षा तिथे जा. फ्लॅश ८ ला विंडोज २००० किंवा एक्सपी लागतं, म्हणून एक्सपीसाठी दुसरं कार्डही तिथूनच घेणार.

आठनंतर सरळ सीएस३, सीएस४ असं जायचं ठरलं होतं. आता सीएस५ साठी वेगळी शाखा काढते. २०१० च्या त्या आवृत्तीत टीएलएफ टेक्स्ट आहे, प्लेयर १० च्या टेक्स्ट इंजिनवर चालणारं. त्यात खरी युनिकोड मराठी जोडाक्षरांसकट लागते. जुन्या, क्लासिक टेक्स्टमध्ये एम्बेड केलेल्या युनिकोड फाँटची पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला पडते, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. २०१३ च्या फ्लॅश सीसीमध्ये टीएलएफ काढूनच टाकलं, आणि मराठीपुरतं बोलायचं तर माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत वाईट निर्णय. टीएलएफला ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशच्या कोडभाषेची तिसरी आवृत्ती) हवं, त्यामुळे लोडव्हेरिएबल्स जाऊन यूआरएललोडर येईल. तो कोड आज रात्रीच लिहायला घेते. कुणी टीएलएफमध्ये मराठी मजकुरावर अक्षरागणिक ट्वीन (हळूहळू बदलणारं ॲनिमेशन) केला असेल तर जोडाक्षरं कशी धरलीत ते सांगा.